रान पिकलं, भाव पडला, मग विमा कशाचा?

शिवारफेरी (ता. औसा, जि. लातूर) · ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. हरभऱ्याच्या पेरणीची गडबड चालू आहे, त्यातूनच लिहितोय. १५ डिसेंबरच्या आत रब्बीचा विमा भरायचा की नाही हे ठरवायचंय.

घरची सात एकर. खरिपात पाच एकर सोयाबीन, दोन एकर तूर. विमा वेळेत भरला होता. सप्टेंबरच्या पावसात ओढ्याकडचं दीड एकर सोयाबीन आठ दिवस पाण्यात बसलं. शेंगेतच दाण्याला मोड आले, बोटानं शेंग उकलली की पांढरा कोंब बाहेर. वरचं साडेतीन एकर मात्र बरं निघालं, एकरी सहा क्विंटल. एकवीस क्विंटल माल घेऊन मोंढ्यात गेलो. ओल जास्त आणि दाणा डागी म्हणून ३,४०० नं गेला. यंदाचा हमीभाव ५,३२८.

रात्री वहीत हिशेब मांडला. खालच्या दीड एकरात नऊ क्विंटल गेले, बाजारच्याच दरानं ३०,६०० रुपये. वरच्या एकवीस क्विंटलला हमीभावापेक्षा १,९२८ कमी मिळाले, म्हणजे ४०,४८८ रुपये. पाण्यानं नेलं त्यापेक्षा भावानं जास्त नेलं! आणि भावाचा विमा तर कुणी उतरवतच नाही.

म्हणून दोन प्रश्न. हरभऱ्याला विमा भरू का? आणि उत्पादन व भाव दोन्ही धरणारा विमा जगात कुठं आहे का, असेल तर तो कसा चालतो? वडील म्हणतात, "भर. पेरणी केली की विमा भरायचा, त्यात विचार कसला करतोस." मला मात्र कळून भरायचंय.

मांजराकाठ · ९ नोव्हेंबर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: भरा. रब्बीला शेतकऱ्याचा हिस्सा संरक्षित रकमेच्या, म्हणजे जास्तीत जास्त जेवढी भरपाई मिळू शकते तिच्या, दीड टक्क्यापर्यंतच. हेक्टरी ४०,००० धरले तर ६०० रुपये. एका फवारणीचं औषधही त्यात येत नाही.

दुसऱ्याचं उत्तर मलाही हवंय.

रानपाखरू · ९ नोव्हेंबर

मी नाही भरणार. तीन वर्षं भरला, एकदाच पैसे आले, तेही मोटारीच्या एका रिवाइंडिंगइतके. पेरणी आम्ही करायची, निसर्ग आमच्यावर कोपायचा आणि निकाल लागायचा दुसऱ्याच्या रानावर.

बांधावरून (निवृत्त, कृषी खातं) · १० नोव्हेंबर

शिवारफेरी, तुमची वही बघून बरं वाटलं. पाणी आणि भाव यांचा हिशेब वेगवेगळा मांडणारे फार थोडे. मी एकतीस वर्षं कृषी सहायक आणि नंतर पर्यवेक्षक होतो, शेकडो कापणी प्रयोग (नमुन्याच्या चौकटीतलं पीक कापून त्याचं वजन करणं) या हातांनी केले. रानपाखरू यांनी शेवटी जे म्हटलंय तीच या प्रधानमंत्री पीक विमा योजनेची खरी नस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण म्हणतो 'माझ्या पिकाचा विमा'. खरं तर विमा मंडळाचा उतरतो. तुमचं महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट, हा एक घटक. त्या मंडळाच्या मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला ७० टक्के जोखीमस्तर लावायचा. येतं ते उंबरठा उत्पन्न. यंदाचं मंडळाचं सरासरी उत्पन्न त्या उंबरठ्याच्या खाली गेलं तरच भरपाई. तूट भागिले उंबरठा, गुणिले संरक्षित रक्कम.

आकडे घालून बघा. पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १,४०० किलो. उंबरठा झाला ९८०. यंदा मंडळाचं उत्पन्न ७४० आलं तर तूट २४०, म्हणजे साधारण साडेचोवीस टक्के. संरक्षित रक्कम ५०,००० असेल तर हेक्टरी १२,२४५ रुपये. पण उत्पन्न १,००० किलो आलं तर? शेतकऱ्याचे नेहमीपेक्षा चार क्विंटल बुडाले, भरपाई शून्य. पहिला तीस टक्के मार शेतकऱ्यानं सोसायचा, हे त्या ७० टक्क्यांमध्येच लिहिलेलं आहे. दोन टक्के हप्ता सगळ्यांना पाठ असतो, हा जोखीमस्तर फार कुणाला माहीत नसतो.

तुमच्या ओढ्याकडच्या दीड एकराचं दुखणं वेगळं. २०२४ पर्यंत ७२ तासांत सूचना दिली तर त्या एकट्या रानाचा पंचनामा होत होता. त्याला स्थानिक आपत्ती म्हणायचे. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयाचा विमा बंद केला. हप्ता पुन्हा खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांवर आला. त्याच निर्णयात स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि पेरणीच न होणं ही चारही कलमं काढली. राहिला तो फक्त कापणी प्रयोगावरचा हिशेब. आणि नेमक्या त्याच वर्षी मराठवाड्यात नद्यांनी पात्र सोडलं. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या कलमाची सर्वांत जास्त गरज पडली, तेच त्या वर्षी पुस्तकात नव्हतं.

मालदांडी (मंगळवेढा) · १० नोव्हेंबर

काका, इतकं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं. आमची रब्बी ज्वारी, मुदत ३० नोव्हेंबर, म्हणून कालच भरून आले.

७२ तासांवरून आठवलं. दोन वर्षांमागं उभी ज्वारी वाऱ्यापावसानं आडवी झाली. कणसं मातीत. मी बांधावर उभी राहून सूचना टाकायला लागले, फोटो चढतच नव्हते. रेंजसाठी माळावरच्या देवळापाशी गेले, तर ॲप म्हणतं तुम्ही शेतात नाही. शेतात आले की रेंज नाही. दोन दिवस अशा खेपा घातल्या. तिसऱ्या दिवशी टोल फ्री नंबर लागला, पण कंपनीनं उशीर झाला म्हणून दावा फेटाळला. कडबासुद्धा काळा पडला होता, जनावरं तोंड लावत नव्हती.

आणखी एक. सातबारा सासऱ्यांच्या नावे, पेरते मी. आता फार्मर आयडी त्यांचा, ई-पीक पाहणी त्यांच्या नावे, पैसे आले तर त्यांच्या खात्यात. आमच्या घरात त्यावरून काही नाही, पण वाट्यानं रान करणाऱ्या कितीतरी बायकांना विमा म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातली गोष्ट असते.

रानपाखरू · १० नोव्हेंबर

ताई, हेच तर मी म्हणतोय.

प्रेअरीतून (इलिनॉय) · ११ नोव्हेंबर

धागा कामावरून आल्यावर वाचला. मूळचा नगर जिल्ह्यातला. गेली चौदा वर्षं इथं धान्याच्या एलेव्हेटरच्या ऑफिसात आहे. एलेव्हेटर म्हणजे उंच कोठारं, शेतकरी ट्रकनं मका-सोयाबीन आणून घालतात. शिवारफेरी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला रोज समोर बघतो ते सांगतो.

अमेरिकेत पीक विमा १९३८ पासून आहे. मक्या-सोयाबीनवाले बहुतेक शेतकरी आज जो घेतात तो उत्पन्नाचा, म्हणजे रुपया-पैशातल्या उत्पन्नाचा विमा. किलो आणि भाव दोन्ही त्यात. शिकागोच्या बाजारात डिसेंबरच्या मक्याचा वायदा चालतो, म्हणजे डिसेंबरात द्यायच्या मक्याचा भाव आधीच ठरवून सौदे होतात. फेब्रुवारी महिनाभरच्या त्याच्या भावाची सरासरी म्हणजे पेरणीआधीचा भाव. ऑक्टोबरातली सरासरी म्हणजे काढणीचा भाव. शेतकरी १५ मार्चच्या आत ठरवतो की मला किती टक्के संरक्षण हवं, ५० पासून ८५ पर्यंत. जितके टक्के वर जाल तितका हप्ता चढतो.

प्रत्यक्ष उदाहरण. एका शेतकऱ्याची स्वतःची सरासरी एकरी १८० बुशेल (मक्याचा बुशेल २५.४ किलोचा). त्यानं ८० टक्के घेतलं. २०१४ च्या फेब्रुवारीत भाव निघाला ४.६२ डॉलर. म्हणजे हमी झाली १८० × ०.८० × ४.६२, एकरी ६६५ डॉलर. त्या वर्षी पाऊस उत्तम, पीक पुरेपूर १८० आलं. पण ऑक्टोबरात भाव ३.४९ वर उतरला. हाती आले ६२८. फरकाचे ३७ डॉलर विम्यानं दिले. पिकाचा एक दाणाही न बुडता भरपाई! शिवारफेरी, वरच्या साडेतीन एकराचं तुमचं दुखणं ते हेच.

उलटं २०१२ साली. भयंकर दुष्काळ. फेब्रुवारीचा भाव ५.६८, मका जळाला म्हणून ऑक्टोबरात तो ७.५० झाला. दोन्हींत जो जास्त तो धरतात. हमी वर सरकून १,०८० डॉलर झाली. ज्याला ८० बुशेलच आले त्याच्या मालाची किंमत ६००, विम्याचे ४८०. ज्यांनी आगाऊ सौदे केले होते आणि द्यायला माल नव्हता, ते त्यावर तगले.

आणि इथं घटक म्हणजे त्याचं स्वतःचं रान. मंडळ नाही.

मांजराकाठ · ११ नोव्हेंबर

प्रेअरीतूनराव, वाचताना तोंडाला पाणी सुटलं. हप्ता कोण भरतं पण?

प्रेअरीतून · ११ नोव्हेंबर

मोठा वाटा सरकार. सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास सरकारी तिजोरीतून, बाकी शेतकरी. शिवाय विमा कंपन्यांचा कारभाराचा खर्चही सरकार उचलतं. हप्त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकारी खातं ठरवतं. सगळ्या कंपन्यांकडे दर एकच, त्यामुळे शेतकरी एजंट निवडतो तो दरावर नव्हे, फोन उचलतो का यावर.

बांधावरून · १२ नोव्हेंबर

प्रेअरीतून, एक विचारतो. त्या शेतकऱ्याची 'स्वतःची सरासरी १८०' हे कोण मानतं? पुरावा काय?

प्रेअरीतून · १२ नोव्हेंबर

काका, बरोबर नसेवर बोट ठेवलंत. पुरावा म्हणजे आमच्या ऑफिसातली पावती. ट्रक वजनकाट्यावर येतो. वरून एक लांब नळी मालात खुपसून नमुना काढतात, ओल मोजतात. मक्याला पंधरा टक्क्यांच्या वर ओल असेल तर कपात. पावतीवर तारीख, वजन, ओल आणि कुठल्या रानातला माल ते. असा चार ते दहा वर्षांचा इतिहास विम्याच्या फाईलला लागतो. पावत्या नसतील तर त्याच्या नावावर जिल्ह्याच्या सरासरीतला काही भागच धरतात. म्हणून इथले म्हातारे शेतकरीसुद्धा पावत्या बुटांच्या खोक्यात वर्षावर्षाच्या रबर लावून ठेवतात.

अडतदुकान (लातूर) · १२ नोव्हेंबर

ओलीवरून एक सांगू का? आमच्या दुकानात आजोबांच्या काळी मॉइश्चर मीटर नव्हतं. दाणा दाढेखाली धरायचा. कडकन फुटला तर वाळलेला, चेंबला तर दोन दिवस ऊन द्या. आजही एक जुने शेतकरी येतात, ते आधी स्वतः दाणा चावतात, आकडा बोलतात आणि मग मीटर लावायला सांगतात. अर्ध्या टक्क्याच्या वर कधी चुकत नाहीत. हमीभाव केंद्राला १२ टक्के ओल लागते, ते त्यांची दाढ आधीच सांगते.

मालदांडी · १२ नोव्हेंबर

त्या आजोबांना आमचा नमस्कार सांगा, आणि दाढ जपा म्हणावं, सरकारी केंद्रावर जागा निघायची!

अडतदुकान · १२ नोव्हेंबर

सांगतो ताई, खूश होतील.

आता मुद्द्याचं. अमेरिकेचं उदाहरण छान आहे, पण ते इथं लावता येणार नाही असं माझं स्पष्ट मत. त्यांचा सगळा हिशेब शिकागोच्या वायद्यावर उभा. आपल्याकडे सोयाबीन, हरभरा, गहू यांचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले आणि मग मुदतीमागून मुदत वाढत गेली. पेरणीआधी 'काढणीला भाव अमुक राहील असं बाजाराला वाटतं' हे सांगणारा आकडाच आपल्यापाशी नाही. मग भावाचा विमा कशावर बेतणार?

दुसरं, गारपीट एका तालुक्यात होते, शेजारचा तालुका वाचतो. विमा चालतो तो त्या फरकावर. भाव पडतो तेव्हा इंदूरपासून लातूरपर्यंत सगळ्यांचा एकाच दिवशी पडतो. तेवढा बोजा कुठली कंपनी उचलेल? आणि भाव पडतात ते बऱ्याचदा धोरणानं. खाद्यतेलाचं आयात शुल्क, पिवळ्या वाटाण्याची आयात. धोरणानं पाडलेला भाव विम्यानं भरून काढायचा म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणं. त्यापेक्षा हमीभावानं खरेदी नीट करा.

शिवारफेरी · १३ नोव्हेंबर

अडतदुकान, खरेदी नीट करा हे मान्यच. पण माझा डागी माल केंद्रावर घेतलाच नसता. तो डाग माझ्या चुकीनं पडला नाही, पावसानं पडला. म्हणजे एकाच पावसानं किलोही कमी केले आणि भावही. कागदावर मात्र उत्पादनाचं नुकसान एका खात्यात आणि भावाचं दुसऱ्या. रान तर एकच आहे.

कट्ट्यावरून (पुणे) · १४ नोव्हेंबर

शेतकरी नाही, शेतीचं अर्थशास्त्र शिकवतो. दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली, मंडळाचा विमा ही कल्पना कुणा अधिकाऱ्याच्या सोयीतून आलेली नाही. तिच्यामागे आपल्याच पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आहेत. सत्तरच्या दशकात देशात एकेका शेतकऱ्याच्या रानाचा विमा करून पाहिला, तो तोट्यात गेला. दोन-दोन एकराच्या लाखो तुकड्यांवर जाऊन पीक कोण मोजणार, आणि विमा आहे म्हणून कुणी खुरपणी सोडली तर ते कसं ओळखणार? दांडेकरांनी सुचवलं की सारख्या हवामानाचा भाग एक घटक धरा. त्याची सरासरी पडली तर सगळ्यांना द्या. चांगलं कसणाऱ्याचं पीक सरासरीपेक्षा बरं आलं तरी त्याला भरपाई मिळते, म्हणून कष्टाला शिक्षा होत नाही. त्यावर १९७९ मध्ये प्रायोगिक योजना आली, १९८५ मध्ये देशव्यापी, १९९९ मध्ये राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ मध्ये आजची. मला तो विचार आजही सशक्त वाटतो. घटक लहान हवा एवढंच. तालुक्यावरून मंडळावर आलो, गावावर यायला हवं.

दुसरी गोष्ट अडतदुकान यांच्यासाठी. भावासकट विमा आपल्याकडे होऊन गेलाय. २००३-०४ च्या रब्बीत केंद्रानं काही निवडक जिल्ह्यांत गहू आणि भातासाठी शेती उत्पन्न विमा योजना चालवली. हमी ठरवताना हमीभाव धरला होता. मंडईतला भाव आणि प्रत्यक्ष उत्पादन यांचा गुणाकार त्या हमीच्या खाली गेला की फरक द्यायचा. २००४ मध्ये सरकार बदललं आणि योजना थांबली. एवढ्यात कुठल्याही योजनेची पारख होत नसते. वायदा नसला तरी हमीभाव हा आकडा आपल्यापाशी आहे, आणि तो पेरणीच्या सुमारासच जाहीर होतो.

रानपाखरू · १४ नोव्हेंबर

सर, 'सरासरी पडली तर सगळ्यांना द्या' हे ठीक. पण ओढ्याकाठच्या माणसाचं कायमच बुडतं आणि माळावरच्याचं वाचतं, त्याला सरासरी काय कामाची?

कट्ट्यावरून · १४ नोव्हेंबर

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच स्थानिक आपत्तीचं कलम जोडलेलं होतं. सरासरीच्या जाळ्यातून जो निसटतो त्याच्यासाठी. ते काढणं चूक होतं असं माझंही मत आहे.

प्रेअरीतून · १५ नोव्हेंबर

इथल्याचीही दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर अर्धंच चित्र जाईल. हा विमा एका हंगामातली घसरण सांभाळतो. वर्षानुवर्षं भाव उतरत गेला तर हमीही त्याच्याबरोबर उतरते, कारण फेब्रुवारीचा भाव दरवर्षी नव्यानं काढतात. २०१२ ला ५.६८ होता, २०१४ ला ४.६२, २०१५ ला ४.१५, २०१६ ला ३.८६. खत, बियाणं, जमिनीचा खंड त्या प्रमाणात उतरला नाही. त्या वर्षांत आमच्या काउंटरवर शांतपणे बसून राहणारे शेतकरी मी पाहिलेत. विम्याचे कागद अगदी चोख, आणि तरी यंत्रं विकायला काढलेली.

शिवाय भाव धरतात तो शिकागोचा. नदीला पूर आला, धान्य नेणारे बार्ज (सपाट बोटी) थांबले आणि आमच्या एलेव्हेटरचा दर पडला तर तो फरक विम्यात येत नाही.

अडतदुकान · १५ नोव्हेंबर

हे प्रामाणिक लिहिलंत, आभार. म्हणजे माझा मुद्दा थोडा तरी उभा राहतो. आणि कट्ट्यावरून सर, २००३ चं मला ठाऊकच नव्हतं. हमीभावावर बेतता येईल हे पटतंय, फक्त मंडईतला कुठला भाव धरणार यावर भांडणं होतील. मध्य प्रदेशात २०१७ ला भावांतर योजना (हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकारनं देणारी) आली तेव्हा आवक एकदम वाढली आणि व्यापाऱ्यांनी भाव आणखी खाली नेले असा बोभाटा झाला. मी स्वतः व्यापाऱ्याच्या घरातला, तरी सांगतो, तो धोका खरा आहे.

मांजराकाठ · १६ नोव्हेंबर

भावासाठी विमा येईल तेव्हा येईल, तोवर एक करता येतं. बाजार समितीकडे शेतमाल तारण कर्ज. सोयाबीन, हरभरा वाळवून गोदामात ठेवा. किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. मी गेल्या साली ठेवलं होतं. भाव फार चढला असं नाही, पण काढणीच्या गर्दीत विकावं लागलं नाही आणि खताच्या दुकानदाराचं बाकीही फिटलं. समितीत योजना चालू आहे का ते आधी विचारा, सगळीकडे नसते. आणि माल वाळलेला हवा, डागी चालत नाही.

भातखाचर (साकोली, भंडारा) · २० नोव्हेंबर

सोयाबीनवाल्यांच्या गर्दीत आमचं धानाचंही ऐका भाऊ. धानाची बांधी पाण्यात बुडाली तर स्थानिक आपत्ती म्हणून भरपाई मिळायची, ते २०१८ मध्ये काढलं होतं. कारण काय, तर धान पाण्यातच असतो! अरे पण चार बोटं पाण्यात उभा असणं वेगळं आणि लोंबीसकट बुडणं वेगळं. परवा केंद्रानं जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून ते परत येणार, आणि रानडुकरं, हत्ती, नीलगाई यांनी केलेलं नुकसानही धरणार. आमच्याकडं रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवतात लोक. हे खरंच झालं आणि राज्यानं स्वीकारलं तर फार मोठी गोष्ट आहे.

मालदांडी · २० नोव्हेंबर

वन्यप्राण्यांचं कलम आलं तर बरंच झालं. आमच्याकडं हरणांचे कळप येतात, हुरड्यात आलेली ज्वारी खातात. फक्त सूचना द्यायला रेंज लागणार का ते बघा!

शिवारफेरी · २३ नोव्हेंबर

सगळं दोनदा वाचलं. वडिलांनाही वाचून दाखवलं. प्रेअरीतून यांच्या बुटांच्या खोक्यावर ते थांबले, आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून १९९६ पासूनच्या मोंढ्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, घेऊन आले. सुतळीत ओवलेल्या, काही वाळवीनं खाल्लेल्या. मी म्हटलं, या कुठल्या योजनेला लागत नाहीत. ते म्हणाले, "लागतील तेव्हा असाव्यात."

हरभऱ्याचा विमा भरतोय. बांधावरून काका, एक सांगा. मंडळाचा आकडा प्रयोगावर ठरतो, तर तो प्रयोग नीट होतो की नाही हे आमच्यासारख्यानं बघायचं कसं?

बांधावरून · २३ नोव्हेंबर

या धाग्यावर हाच प्रश्न यावा अशी वाट बघत होतो.

प्रयोगाचं गाव, गट नंबर आणि शेतातली जागा तिन्ही यादृच्छिक आकड्यांनी ठरतात, कुणाच्या मर्जीनं नाही. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजत जायचं आणि आकड्यांनी सांगितलेल्या ठिकाणी खुंटी ठोकायची. तिथून १० बाय ५ मीटरची चौकट. त्यातलं पीक कापायचं, मळायचं, उफणायचं, वजन करायचं. ५० चौरस मीटरचं वजन म्हणून २०० नं गुणलं की हेक्टरी उत्पन्न. म्हणजे काट्यावर अर्धा किलो इकडं-तिकडं झालं तर हेक्टरी एक क्विंटल इकडं-तिकडं! मंडळात असे दहा-बाराच प्रयोग असतात. त्यातल्या दोन ठिकाणी दोरी ढिली धरली किंवा चौकट पिकाच्या दाट पट्ट्यात सरकली, तर सगळ्या मंडळाची भरपाई हलते. काही पिकांना आता उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही भार देतात, पण मुळाशी ही दोरीच आहे.

तुम्ही एवढंच करा. कृषी सहायकांना आत्ताच विचारून ठेवा की तुमच्या गावात हरभऱ्याचा प्रयोग आहे का आणि कुठल्या गटात. त्या दिवशी हजर राहा. गावसमितीनं हजर राहायचंच असतं, पण लोक येत नाहीत. माझ्या सगळ्या नोकरीत शेजारचा शेतकरी आपण होऊन प्रयोग बघायला आला असं मोजक्याच वेळा झालं. काटा शून्यावर आहे ना, ते बघा. दोरी ताणलेली आहे ना, ते बघा. वजन प्रपत्रात अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहून घ्या.

रानपाखरू · २४ नोव्हेंबर

काका, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात प्रयोग कधी होतो तेही माहीत नाही. यंदा बघतो. विमाही भरतो, बघायचाच आहे तर.

शिवारफेरी · २६ फेब्रुवारी २०२६

धागा वर काढतोय, सांगण्यासारखं आहे म्हणून.

आज आमच्या गावात हरभऱ्याचा प्रयोग झाला. गट आमचा नव्हता, वस्तीकडच्या एका चुलत्याचा होता. कृषी सहायक मॅडम, विमा कंपनीचा एक तरुण मुलगा, पोलीस पाटील आणि आम्ही अकरा जण. मॅडम आधी जरा बिचकल्या. मी म्हटलं, भांडायला आलो नाही, शिकायला आलोय. मग त्यांनी आकड्यांचा तक्ता सगळ्यांना दाखवला. चौकट आली ती नेमकी मर रोग लागलेल्या पट्ट्याच्या कडेला. कंपनीचा मुलगा म्हणाला, दोन पावलं इकडं घेऊ, इथं पीक विरळ आहे. मॅडमनी शांतपणे सांगितलं, "आकडा जिथं आला तिथंच." दोन चुलत्यांनी दोरी ताणून धरली. घाटे इतके वाळलेले की कापतानाच फुटत होते, म्हणून खाली ताडपत्री अंथरली आणि सांडलेला दाणा न् दाणा वेचून घेतला.

काट्यावर आधी नुसतं घमेलं ठेवून शून्य केलं. मग माल. ५ किलो ४०० ग्रॅम. वडिलांनी तिथंच हिशेब केला, हेक्टरी दहा क्विंटल ऐंशी. मंडळाचा उंबरठा किती ते मॅडमनाही पाठ नव्हतं, उद्या कार्यालयातून बघून कळवते म्हणाल्या. नंबर दिलाय.

आमचा स्वतःचा हरभरा पुढच्या आठवड्यात निघेल. हमीभाव ५,८७५ आहे. मांजराकाठ, तारण कर्जाला सातबारा आणि पासबुकाशिवाय आणखी काय लागलं होतं? समितीत उद्याच जाणार आहे.

मांजराकाठ · २६ फेब्रुवारी

आधार आणि पीकपेरा. पोत्यांवर नाव घालून न्या. आणि चाळून न्या, काडीकचऱ्यावरून माझी दोन पोती परत आली होती.

बांधावरून · २७ फेब्रुवारी

अकरा जण! वजन अक्षरी लिहून घेतलंत का?

शिवारफेरी · २७ फेब्रुवारी

घेतलं काका. 'पाच किलो चारशे ग्रॅम फक्त'. खाली वडिलांचीही सही आहे.